नंबर लागल्यानंतर

मदतनिधीसाठी काढलेल्या सोडतीचे कुपन आपण सहसा वाचत नाही. पावतीपुस्तक घेऊन दोन मुले दारात उभी असतात, त्यांतला एक ओळखीचा असतो; आपण हात पुसत बाहेर येतो, नोट देतो आणि कुपन कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवतो. एकदा ते खाली काढून नीट वाचावे. वर मंडळाचे नाव आणि नोंदणी क्रमांक, मधोमध चकचकीत मोटारसायकलचे चित्र, त्याखाली पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बक्षिसाची उतरंड आणि शेवटी भरघोस उत्तेजनार्थ बक्षिसे. अगदी तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत दोन वाक्ये असतात. चित्रातली वस्तू आणि प्रत्यक्ष वस्तू यांत फरक असू शकतो, हे पहिले. कार्यकारिणीचा निर्णय अंतिम राहील, हे दुसरे. वर मोठ्या अक्षरांत जे कबूल केले ते या दोन ओळींनी हळूच परत काढून घेतलेले असते.

गिरगावपासून लालबागपर्यंतच्या पट्ट्यात सार्वजनिक कामे उभी राहिली ती अशाच लहान कागदांवर. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून वर्गणी आपल्या अंगवळणी पडली आहे. गिरणगावात तर तिला आणखी एक फाटा फुटला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी गावोगावची ग्रामस्थ मंडळे मुंबईत काढली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी ही माणसे गावच्या शाळेचे छप्पर, विहिरीवरचा पंप, देवळाचा सभामंडप यांसाठी पैसे उभे करीत. परळच्या दामोदर नाट्यगृहात एखादे नमन किंवा नाटक लावायचे, दाराशी तिकिटे खपवायची आणि मध्यंतरात तिकिटांच्या नंबरांवर सोडत काढायची, हा त्यातला हुकमी मार्ग. नुसती वर्गणी मागताना मागणाऱ्याची मान खाली जाते. सोडतीचे कुपन विकताना तसे होत नाही, कारण घेणाऱ्याच्या हातात काहीतरी पडते. फार नाही, महिनाभर पुरेल एवढे एक स्वप्न.

तेव्हा सोडतीला माझा विरोध नाही. नंबर लागल्यानंतर काय होते, याविषयी मला लिहायचे आहे.

आमच्या चाळीजवळच्या एका मंडळाने १९९४ साली रुग्णोपयोगी साहित्यासाठी सोडत काढली होती. चाकांची खुर्ची, वॉकर, पाण्याची गादी अशा वस्तू विकत घ्यायच्या, ज्याच्या घरी आजारपण असेल त्याला वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत आणायच्या, अशी योजना. काम उत्तम होते आणि ते पुढे चालूही राहिले. आमच्याच मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या माणसांना त्या गादीने शेवटच्या महिन्यांत आराम दिला, हे आधीच सांगून ठेवतो. कुपन दहा रुपयांचे. दुसरे बक्षीस होते ‘पिको-फॉलचे शिलाई मशीन, मोटारसह’.

दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू घरी साड्यांना फॉल लावून देत. फॉल हाताने लावता येतो. पिकोसाठी मात्र त्यांना गठ्ठा बांधून दुकानात जावे लागे आणि एका साडीमागे सुटणाऱ्या पैशांतला मोठा वाटा त्या दुकानदाराकडेच राही. काकूंनी दहा कुपने घेतली. घरात दहा रुपयेसुद्धा दोनदा मोजले जात अशा दिवसांत शंभर रुपये. त्यांना मोटारसायकल नको होती, रंगीत टीव्हीही नको होता. सगळी कुपने त्यांनी त्या दुसऱ्या ओळीसाठी घेतली होती. आणि नंबर लागला! मंडपात नाव पुकारले गेले, टाळ्या पडल्या, नारळ आणि गुलाबाचे फूल हातात आले, फोटो निघाला. मशीन दोन दिवसांनी घरी आले. काळे, वर सोनेरी वेलबुट्टी, हाताने चाक फिरवायचे आणि सरळ टीप मारणारे. पिकोला सुई डावी-उजवी झुलावी लागते. या मशीनची सुई फक्त खालीवर जात होती.

काकू कार्यालयात गेल्या. चिटणीस भला माणूस, त्यांच्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, “काकू, देणाऱ्याने जे दिलं ते आम्ही पोचवलं. शंभर रुपयांत मशीन मिळालं, आणखी काय हवं?” तिथे बसलेले दोघे हसले. काकू परत कधी गेल्या नाहीत. चाळीत मात्र आठवडाभर चर्चा झाली आणि तिचा रोख काकूंवरच होता. आयते मिळाले तरी तोंड वाकडे, असे एक मत. दानाच्या कामात कसली आली तक्रार, हे दुसरे. ते मशीन पुढे बरीच वर्षे त्यांच्या खिडकीखाली होते. त्यावर चादरींची चवड ठेवलेली असे.

आता या निराशेला हाव म्हणायचे का? मला ते मान्य नाही. काकूंचा नंबर लागला नसता तर त्यांना वाईट वाटले नसते. सोडतीचे कुपन घेणारा प्रत्येक माणूस नंबर न लागण्याच्या तयारीने घेतो. ते पैसे चांगल्या कामाला गेले असे म्हणून तो विसरूनही जातो. नंबर लागणे ही नशिबाची गोष्ट आहे आणि तिथे तक्रारीला जागा नाही. पण नंबर लागल्यावर हातात काय पडायचे ते नशिबावर सोडलेले नसते. ते आधी छापलेले असते, मंडळाच्या शिक्क्यानिशी. चिठ्ठी उचलली गेली त्या क्षणी नशिबाचे काम संपते आणि दिलेल्या शब्दाचे सुरू होते. आपल्याकडे या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ झाली आहे, की शब्द मोडला तरी आपण नशिबालाच बोल लावतो.

शब्द मोडतो तरी कसा? बहुतेक वेळा यात लबाडी नसते, आणि म्हणूनच हा विषय अवघड आहे. अशा बैठका मी जवळून पाहिल्या आहेत. कार्यकारिणी जमते. छपाईवाला मजकूर मागत असतो, कारण कुपने महिनाभर आधी हातात पडली नाहीत तर खपत नाहीत. कोणीतरी एका व्यापाऱ्याचे नाव घेतो. व्यापारी उदार मनाने म्हणतो, “एक फ्रिज माझ्याकडून लिहा.” फ्रिज लिहिला जातो. किती लिटरचा, कोणत्या वर्षाचा, एक दाराचा की दोन, हे विचारणे म्हणजे देणाऱ्याचा हात धरण्यासारखे. ते कोणी विचारत नाही. चित्र हवे म्हणून छपाईवाला आपल्याकडचे एखादे चित्र टाकतो आणि ते अर्थातच दोन दारांच्या फ्रिजचे असते. पुस्तके वाटली जातात. सोडतीची तारीख जवळ येते तसतशी न खपलेली पुस्तके परत येऊ लागतात. तिकडे व्यापाऱ्याचा धंदा मंदीत गेलेला असतो किंवा उत्साह ओसरलेला असतो. तो शब्दाला जागतो, पण दुकानात दर्शनी ठेवलेला, दोन वर्षे न खपलेला, कोपऱ्यात पोचा आलेला नग पाठवून.

मंडळापुढे मग दोन वाटा असतात. जमलेल्या पैशांतून छापल्याप्रमाणे वस्तू विकत घ्यायची किंवा आले आहे ते द्यायचे. पहिल्या वाटेने गेले तर मदतनिधी तेवढ्याने घटतो. एक चाकांची खुर्ची कमी येते. भल्या माणसांना हा हिशेब पटकन समजतो आणि ते दुसरी वाट धरतात. वर्षअखेरीच्या अहवालात मग एक अभिमानाचे वाक्य येते, की बक्षिसांवर संस्थेचा एक पैसाही खर्च झालेला नाही. वाक्य खरे असते. त्या बक्षिसाची उरलेली किंमत ज्या बाईने भरली तिचे नाव अहवालात नसते, एवढेच.

फ्रिज आणि मशीन ही त्यातल्या त्यात सरळ उदाहरणे. ‘महाबळेश्वरची सहल, दोघांसाठी’ असे कुपनावर असते आणि प्रत्यक्षात दोन रात्रींची खोली मिळते, तीही ऐन पावसाळ्यात, गाडीभाडे आणि जेवण आपले. ‘सोन्याचे नाणे’ मधला मुलामा हा शब्द छपाईत गळतो. ‘चांदीची वाटी’ घासायला घेतली की तिची जात कळते. पैठणीची तर गोष्टच नको. हळदीकुंकवाच्या सोडतीत ‘पैठणी’ म्हणून जे घडी उलगडून दाखवले जाते त्यातले किती येवल्याच्या मागावर विणलेले असते, हे दादरच्या कोणत्याही साडीच्या दुकानातला अनुभवी माणूस लांबूनच सांगेल. वाचकांनी आपापल्या कपाटांच्या वरच्या फळीवर नजर टाकली तर त्यांनाही काही सापडेल.

मुंबईला या प्रकाराची ओळख जुनी आहे. फोर्टमधली एशियाटिक सोसायटीची ती भव्य पायऱ्यांची इमारत, म्हणजे जुना टाउन हॉल, घ्या. तिची कल्पना १८११ साली पुढे आली. पैसे उभारायला लॉटरी काढण्यात आली. तिचे आणि विद्याप्रेमी सभासदांनी दिलेले पैसे एकत्र करूनही खर्च भागेना. शेवटी कचेऱ्यांना जागा मिळावी या बोलीवर सरकारने भार उचलला आणि १८३३ साली इमारत पुरी झाली. सोडतीतून सांगितले तेवढे निघत नाही, हा अनुभव त्या पायऱ्यांपेक्षा थोडा जुनाच म्हणायचा. पुढे १९६९ साली महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. मटक्याकडे वळणारा पैसा सरकारी तिजोरीत यावा, हा हेतू. त्या लॉटरीविषयी आणि तिने उठवलेल्या घरांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे; पण तिकिटावर छापलेली रक्कम आणि मिळणारी रक्कम यांत कर सोडला तर फरक पडत नसे. रोख बक्षिसाला पोचा येत नाही.

खासगी सोडतीचे तसे नाही, आणि कायदाही तिच्याकडे जरा वाकड्या नजरेने पाहतो. सरकारी मान्यता नसलेली लॉटरी चालवण्यासाठी कार्यालय ठेवणे हा १८७० सालापासून भारतीय दंडविधानात गुन्हा होता. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ती तरतूद नव्या संहितेतही आली. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी आणि नंतर हिशेब, हेही आहे. मला वाटते, कुपनावर ‘तिकीट’ न लिहिता ‘देणगी’ लिहिण्याची पद्धत या धाकातूनच पडली असावी. बक्षीस मिळवणारा मग ‘भाग्यवान देणगीदार’ होतो. हा शब्द कोणी मुद्दाम रचला नसेल. पण त्याने केवढे काम केले आहे ते पाहा. विकत घेणाऱ्याला मालाची चौकशी करता येते. देणगीदाराने चौकशी केली तर त्याच्या दानतीवर शंका येते.

ग्राहक कायद्याचेही तेच. बक्षिसे देऊ करायची आणि ती सांगितल्याप्रमाणे द्यायचीच नाहीत, असा इरादा असेल तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे १९८६ च्या कायद्याच्या काळापासून चालत आले आहे आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यातही आहे. पण ‘व्यापारी’ हा शब्द तिथे महत्त्वाचा. साबणाच्या वडीबरोबर सोन्याचे नाणे जाहीर करणाऱ्या कंपनीला ते कलम लागेल. गल्लीतल्या मंडळाने काही विकलेलेच नाही, त्याने देणगी घेतली, असे म्हणायला वाव राहतो. शिवाय शंभर रुपयांच्या कुपनांसाठी शेजारच्याच मंडळाविरुद्ध अर्ज करणार कोण? उद्या आपल्याच घरी चाकांची खुर्ची लागायची असते.

वस्तू सांगितली तशीच मिळाली तरी एक गोष्ट कुपनावर नसते, ती म्हणजे कर. लॉटरीच्या बक्षिसावर आयकर सरसकट तीस टक्के दराने, वर उपकर. बक्षीस वस्तुरूपात असले तरी तिच्या किमतीवर तो लागतोच. रक्कम दहा हजारांपुढे गेली, की कर भरल्याची खात्री करून घेतल्यावरच वस्तू ताब्यात द्यायची जबाबदारी देणाऱ्यावर असते. मोटारसायकल असेल तर नोंदणी आणि विमा आलाच. ज्याच्या खिशात एकदम वीस-पंचवीस हजार नाहीत त्याला मोटारसायकल लागली, तर त्याला खरे म्हणजे एक कर्ज लागलेले असते. अशा बक्षिसांचे काय होते ते गल्लीला ठाऊक असते. ती सोडतीच्या दुसऱ्या दिवशी कमी किमतीत, बहुतेकदा मंडळातल्याच कोणाला तरी, विकली जातात.

सोडत आणि लागणे हे शब्द या शहरात आता मोटारसायकलपेक्षा घराला अधिक चिकटले आहेत. म्हाडाचे घर ‘मिळाले’ असे मुंबईत कोणी म्हणत नाही. घर ‘लागले’ म्हणतात. लालबाग-परळच्या माणसाला हा शब्द सर्वांत जास्त बोचावा, कारण त्याच्या बाबतीत सोडतीचे बक्षीस मुळात बक्षीस नव्हतेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. हेही एक छापील वर्णनच होते. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या जमिनीची झाली. जिथे शेड आणि चिमण्या उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून बाहेर गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि २००६ मध्ये हा बदल कायम राहिला. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला यायची जमीन अशी आधीच आटली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी अर्ज केले. घरे थोडी, माणसे फार, म्हणून सोडत.

२८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख रुपये. ज्यांना ती लागली त्यांच्या घरी पेढे वाटले गेले आणि ते योग्यच होते; गिरणीच्याच जागेवर, आपल्याच वस्तीत घर मिळत होते. डिसेंबर २०१६ मध्ये आणखी २,४१७ घरांची सोडत झाली. ही घरे होती पनवेलजवळच्या कोन गावात. एमएमआरडीएने भाड्याने देण्यासाठी बांधलेली १६० चौरस फुटांची घरे दोन-दोन जोडून एक केली, म्हणून ३२० चौरस फूट. किंमत सहा लाख रुपये. भाड्याच्या घरांसाठी बांधलेली इमारत मालकीच्या घरासाठी, आणि परळच्या माणसाला पनवेल. तेही लोकांनी पत्करले. मग ताबा रखडला. कोविडच्या काळात तीच घरे विलगीकरणासाठी घेतली गेली आणि परत आली तेव्हा त्यांची दुरवस्था झालेली होती. दुरुस्तीत आणखी काळ गेला. किल्ली हाती पडेपर्यंत अनेकांना कित्येक वर्षे थांबावे लागले. साठीत नंबर लागलेला माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर गेला.

या काळात तक्रार करणाऱ्यांना जी उत्तरे ऐकावी लागली ती मला ओळखीची वाटतात. एवढ्या किमतीत मुंबईच्या आसपास घर मिळते तरी का? ज्यांना लागले नाही त्यांच्याकडे पाहा. मिळाले ते घ्या. मंडळाच्या कार्यालयात शिलाई मशीनवरून ऐकलेले वाक्य फक्त मोठ्या इमारतीत गेले होते. कामगार सांगत राहिले, की आम्ही काही मागायला आलेलो नाही, जमिनीतला वाटा कायद्यात लिहिला होता. पण वाटा सोडतीत घातला की त्याचे बक्षीस होते, आणि बक्षिसाला नाक मुरडणारा माणूस कोणाला आवडत नाही. गल्लीतल्या सोडतीत आपण जी सवय लावून घेतली ती अशा ठिकाणी फार महागात पडते. म्हणून मला काकूंच्या मशीनची गोष्ट किरकोळ वाटत नाही.

गंमत अशी, की याच लालबागमध्ये याच्या उलट व्यवहारही आपण दरवर्षी करतो. लालबागच्या राजाला भाविकांनी वाहिलेल्या वस्तूंचा विसर्जनानंतर जाहीर लिलाव होतो. दागिना समोर धरला जातो, त्याचे वजन सांगितले जाते, लोक पाहतात आणि मग बोली लागते. घेणारा श्रद्धेने बाजारभावापेक्षा जास्त मोजतो, पण काय घेतो आहे ते त्याला माहीत असते. वजन विचारले म्हणून त्याची भक्ती कमी आहे असे तिथे कोणी म्हणत नाही. देवाच्या दारात जे चालते ते गल्लीच्या सोडतीत उद्धटपणाचे का ठरावे?

करण्यासारखे फार अवघड काही नाही. वस्तू आधी मंडळात येऊ द्यावी, मग कुपन छापावे. आली नसेल तर तिच्या जागी रक्कम लिहावी. वस्तूवर कंपनी, आकार, नवी की वापरलेली, एवढे तीन शब्द पुरतात, आणि कर कोण भरणार हा चौथा. मंडपात समया आणि खुर्च्या मांडल्या जातात तसे एक टेबल बक्षिसांसाठी मांडले, तर कुपने घेणारी माणसे ती हाताळून पाहतील. मशीनचे चाक फिरवून पाहतील. देणारा व्यापारी ऐनवेळी मागे सरला तर निधीतून वस्तू घ्यावी आणि अहवालात तसे लिहावे. चाकांची खुर्ची एक कमी येईल. पण उरलेल्या खुर्च्यांचे पैसे सगळ्या वस्तीने वाटून दिलेले असतील, एकट्या बाईने नाही.

गेल्या वर्षी अशीच दोन मुले पुस्तक घेऊन आली. पहिले बक्षीस फ्रिज होता. किती लिटरचा, म्हणून मी विचारले. दोघे एकमेकांकडे पाहू लागले. “काका, तसं कोणी विचारत नाही,” मोठा म्हणाला. मग त्याने जिन्यात जाऊन फोन लावला, पाचेक मिनिटे बोलला, परत आला आणि माझ्या कुपनावर बॉलपेनने लिहिले: ‘एक दार, १९० लिटर, नवा.’ खाली सही केली. धाकट्याने ते पाहिले, आणि तो पुस्तकातली बाकीची कुपने उलटून त्यांवरही तेच लिहू लागला.